खिडकीबाहेरचा साडू

गेल्या उन्हाळ्यात वसमतला सभा होती. सोलापूरकडचे एक प्रचारक आले होते. आवाज चांगला, रुमाल मोठा. येणाऱ्या नव्या जगावर ते बोलत होते आणि दाखला म्हणून त्यांनी एक गोष्ट सांगितली. हिंगोली जिल्ह्यात एका लहानशा मंडळीत दोन साडू होते. एका झाडावरून त्यांचं फाटलं. कित्येक वर्षं बोलणं नाही. शेवटी थोरल्या साडूला आत्म्याने स्पर्श केला. तो भर उपासनेत उठला, ओक्साबोक्शी रडला आणि आपला अपराध त्याने कबूल केला. धाकटा धावत आला. चर्चच्या उंबऱ्यात दोघांनी एकमेकांना मिठी मारली. आणि त्याच पावसाळ्यात, प्रचारक म्हणाले, त्या वाळलेल्या झाडाला पालवी फुटली.

मंडपात लोक डोळे पुसत होते. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला कोपराने ढोसलं. "तुमी तिकडलेच ना? वळखता का त्या माणसाला?"

"तोंडओळख हाये," मी म्हणालो.

तो थोरला साडू मीच. मी रडलो नव्हतो. आत्म्याने स्पर्श केला की नाही ते मला सांगता येणार नाही, पण त्याच्या आदल्या दिवशी बायकोने चांगलाच केला होता. धाकटा धावत आला नाही, कारण त्याचे गुडघे केव्हाच गेलेत. आणि पालवीचं म्हणाल, तर त्या झाडाचं सरपण होऊन ते जळूनही गेलं.

गोष्ट चांगली आहे, फक्त ती खरी नाही. मंडपात उठून तसं सांगावं असं एकदा मनात आलं, पण नंतर जेवण होतं आणि पंगत मोडायला नको वाटलं. आता माझं वय झालंय. मी गेल्यावर ही गोष्ट आणखी चांगली होत जाणार, तिच्यात मी आणखी मोठा होत जाणार आणि साडू बिचारा नुसता धावत येणार. म्हणून बसून लिहितो आहे.

आमचं गाव कुरुंद्याच्या अलीकडे. मंडळी लहान. चर्च म्हणजे वर पत्रा, खाली फरशी, दोन्ही बाजूंना खिडक्या, दारासमोर ओटा आणि ओट्यापुढे मोठं अंगण. ते अंगण हेच आमचं खरं वैभव. गावात हळदीसाठी इतकी सपाट, कडक आणि स्वच्छ जागा दुसरी नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला हळद निघाली की मंडळीतली घरं पाळीपाळीने तिथेच ती शिजवतात आणि तिथेच वाळत घालतात. शनिवारी संध्याकाळी हळद एका बाजूला ओढून वाट करायची, रविवारी उपासना, सोमवारी पुन्हा पसरायची. त्या दिवसांत सगळे पिवळ्या पायांनी आत येतात आणि सतरंजीवर पावलं उमटतात. नव्या जगात सगळ्यांना शुभ्र झगे मिळणार आहेत, असं आम्ही मानतो. आमचे एक जुने पाळक म्हणायचे, "तुमच्या मंडळीला झगे देण्याआधी देव बादली मागवणार."

अंगणात कडुलिंब होता. आमच्या घरांत ज्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ताचं नाव घेतलं, त्या आजोबा-पणजोबांनी लावलेला. येणाऱ्या नगराचं जे वर्णन आम्ही ऐकत आलोय, त्यात एक नदी आहे, नदीकाठी एक झाड आहे आणि त्याच्या पानांनी राष्ट्रं बरी होणार आहेत. त्या भागावर उपदेश करताना प्रत्येक पाळक खिडकीबाहेर बोट दाखवायचा. लहानपणी मला वाटायचं, ते झाड म्हणजे हेच. नदी तेवढी यायची राहिली आहे. तसं फार चुकतही नव्हतं माझं. कुणाच्या घरी गोवर-कांजिण्या आल्या की पाला आमच्या अंगणातून जायचा. शेजारच्या मावशींची भिंत अंगणाला लागून आहे. त्या दर पाडव्याला सकाळी यायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या येशूच्या झाडाच्या दोन डहाळ्या द्या हो, आमच्या गुढीला." आम्ही द्यायचो. त्यांना काही वाटायचं नाही, आम्हालाही नाही.

ते झाड मी मारलं.

मुद्दाम कोण मारेल. दहा-बारा वर्षं झाली असतील. हळद पूर्वी लोखंडी कढईत शिजायची. नंतर ट्रॅक्टरमागे लावून आणायचा वाफेचा कुकर आला. कुकर भाड्याचा, त्यामुळे आला की एकच घाई. त्यातलं उकळतं पाणी सोडायला पाईप असतो. तो रस्त्याकडेच्या नालीपर्यंत न्यायचा, असं मंडळीनेच ठरवलेलं होतं आणि ठरवणाऱ्यांत मी पुढे होतो. त्या दिवशी माझा पाईप नालीपर्यंत पुरेना. जोडायला तुकडा आणायचा तर घरी जावं लागत होतं आणि ऊन मरणाचं होतं. मी पाईपाचं तोंड लिंबाच्या बुडाशी ठेवलं आणि त्याच्याच सावलीत बसलो.

बायको भाकरी घेऊन आली. तिने पाईपाकडे बघितलं.

"झाडात काहून सोडला?"

"तिथवर येईस्तोवर पाणी थंड होऊन राहिलंय."

तिने पाण्याकडे बघितलं. पाण्यातून वाफ निघत होती. ती भाकरी ठेवून गेली. दुसऱ्या दिवशीही पाणी तिथेच सोडलं, कारण एकदा सोडलंच होतं.

माझ्यानंतर साडूची पाळी. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माझी थोरली, त्याची धाकटी. साडूचा स्वभाव असा की चहा प्यायला तरी आधी बशी पुसून घेईल. त्याने जोडतुकडा आणला, पाईप नालीपर्यंत नेला, हलू नये म्हणून वर दगड ठेवला. पण झाडाला कुणाची पाळी केव्हा ते कुठे ठाऊक. साडूची हळद अंगणात पडलेली असतानाच लिंबाची पानं पिवळी व्हायला लागली. आधी लोकांना वाटलं, हळदीची धूळ बसली. मग पानं गळाली आणि पावसाळा आला तरी झाड उघडंच राहिलं.

मंडळीचे पंच बसले. पंचांत मीही होतो. झाड वाळायला लागलं तेव्हा अंगणात हळद कुणाची होती, एवढा एकच प्रश्न आम्ही विचारला. साडू म्हणाला, "माझी होती. पाणी म्या नालीत सोडलं." कुणी बघितलं का? कुणी नाही. तेव्हा मी बोललो. ते शब्द मला अजून पाठ आहेत. मी म्हणालो, "जाऊ द्या. माणूस हाये, चुकतं. प्रभूनं आपल्याला क्षमा केली, आपण त्यांना करू. एकदा मंडळीपुढं माफी मागू द्या, विषय संपला."

सगळ्यांना ते फार आवडलं. जे मी केलं होतं त्याची मी त्याला क्षमा केली आणि वर पंचांचा चहा पिऊन घरी आलो.

साडूने माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं असं नाही. कुणाची बाजू घ्यायची वेळ आली की आपला माणूस कुठे बसतो, एवढंच तो बघत होता. मग तो म्हणाला, "ज्यानं केलं त्यानं सांगावं. तवर मी या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई."

आणि नाही आला. पण देवाशी त्याचं काही भांडण नव्हतं, म्हणून तो गेलाही नाही कुठे. पुढच्या रविवारी वेळेवर आला, चपला काढल्या आणि ओट्यावर खिडकीला पाठ लावून बसला. आता अडचण अशी की मंडळीत सूर त्याच्या एकट्याकडे होता. पेटी वाजवणारा पोरगा नवा, बाकी आम्ही सगळे ज्याला जिथे जमेल तिथून गाणारे. पहिल्या गीताला आत गोंधळ उडाला. तेवढ्यात खिडकीतून साडूने सूर दिला आणि आम्ही सगळे त्याच्यामागे निघालो. तेव्हापासून आमच्या मंडळीचा सूर खिडकीतून यायचा. पाहुणे पाळक आले की आधी इकडे-तिकडे बघायचे. मंडळीतल्या लेकरांना वाटायचं, आजोबांना दमा आहे, म्हणून ते हवेला बसतात. त्यांना तसं कुणी सांगितलं होतं ते मला ठाऊक नाही. मी तरी नाही म्हणालो नव्हतो.

आमच्याकडे जगाच्या शांतीसाठी एक वेगळी प्रार्थना असते आणि ती माझ्याकडे होती. मी मन लावून करायचो. शनिवारी टीव्हीवरच्या बातम्या बघून ठेवायचो. कुठे लढाई आहे, कुठे भूकंप, कुठे माणसं घरं सोडून निघालीत. त्या देशांची नावं नीट घेता यावीत म्हणून नातवाकडून म्हणून घ्यायचो. मग डोळे मिटून मी त्या येणाऱ्या दिवसाचं वर्णन करायचो. त्या दिवशी तलवारींचे फाळ होतील, कुणी रडणार नाही, नगराच्या वेशी कधी बंद होणार नाहीत. लोक म्हणायचे, आबांनी प्रार्थना केली की डोळ्यांपुढे दिसतं. साडूची खिडकी माझ्या बसण्याच्या जागेपासून हात लांब केला तर लागेल एवढ्यावर.

आमच्या मंडळीत भांडणं प्रार्थनेतून चालतात, हेही सांगून ठेवायला हवं. समोरासमोर कुणी बोलत नाही. मोकळ्या प्रार्थनेची वेळ आली की डोळे मिटायचे आणि देवाला सांगायचं, दुसऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या रविवारी खिडकीतून प्रार्थना आली: "बापा, काही लोकायला लई लांबचं दिसतं, जवळचं दिसंना. त्यायच्या डोळ्याला आराम दे." मंडळी गहिवरली. साडू माझ्यासाठी प्रार्थना करतोय म्हणून बायकांनी एकमेकींना खुणा केल्या. मी मोठ्याने आमेन म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

आता जे लिहितो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मी त्या नव्या जगाची वाट बघत होतो हे खरं. खोटं कधी बोललो नाही त्यात. पण प्रार्थना संपता संपता, आमेनच्या आधी, मी मनातल्या मनात एक वाक्य जोडायचो: घाई करू नकोस. कारण त्या जगात झाकलेलं काही राहणार नाही, हेही मी ऐकत आलो होतो. तिथे नदी असेल, झाड असेल, राष्ट्रं बरी झालेली असतील आणि झाडाखाली साडू बसलेला असेल. तो मला बघेल आणि त्याला सगळं ठाऊक असेल. बाकी सगळं चांगलं होतं, तेवढं एक सोडून. म्हणून मी देवाला दर रविवारी बोलवायचो आणि हळूच थांबवायचोही. पाहुण्याला या या म्हणावं आणि दार आतून धरून ठेवावं, तशातली गत.

बहिणी-बहिणींचं मात्र एक दिवस थांबलं नाही. शेवया, कुरड्या, लोणचं सगळं या घरातून त्या घरात जात होतं. आम्ही दोघे पुरुष रस्त्यात समोरासमोर आलो की दोघांनाही एकदम आपापल्या चपलांची काळजी वाटायची.

मग साडूच्या नातीचं लग्न ठरलं. मुलगी नर्सिंग शिकलेली, नांदेडला नोकरीला. लग्न आमच्याच चर्चमध्ये करायचं म्हणाली. आजा तिचा फार लाडका. ती त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "आजोबा, तुमी आत येताल ना?" साडू म्हणाला, "मी खिडकीतून बघतो की. तिथून तर लई चांगलं दिसतं." पोरगी रडत आमच्या घरी आली. माझ्या बायकोच्या गळ्यात पडली. मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा नव्हता एवढंच.

शनिवारी बायको गहू निवडत बसली होती.

"लेकराचं लगीन आत, आजा बाहेर," ती म्हणाली. "बरं दिसंल का?"

"त्यायला कोण आडवलंय? यावं की."

ती खडे वेचत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी पाण्यातून वाफ निघून राहिली होती."

मी पेपर खाली ठेवला. विचारलं, "मग इतके दिवस बोलली काहून न्हाई?"

"मला वाटलं, तुमी सांगताल. जगाचं येवढं सांगून राहिले तर घरचंबी सांगताल कवातरी." तिने सुपातले गहू पाखडले. "उद्या तुमी सांगता का मी सांगू?"

प्रचारकांनी ज्याला आत्म्याचा स्पर्श म्हटलं, तो हा.

दुसऱ्या दिवशी माझी प्रार्थना आली. मी उभा राहिलो, डोळे मिटले आणि जगाला निघालो. त्या दिवशी मी एकही देश सोडला नाही. ज्या देशांत काहीच झालं नव्हतं त्यांच्यासाठीही प्रार्थना केली. मग समुद्रावरचे लोक घेतले. मग आपला देश, आपलं राज्य, मराठवाडा. सगळे थांबे घेणाऱ्या एसटीसारखा मी हळूहळू गावाकडे येत होतो. वसमत तालुक्यात आलो तेव्हा बायकांच्या बाजूने खोकला ऐकू आला. मी तो खोकला ओळखतो.

"आणि बापा," मी म्हणालो, "अंगणातल्या लिंबात पाणी मी सोडलं होतं. साडूनं न्हाई."

पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या. मग खिडकीतून साडू म्हणाला, "काय?"

मी डोळे मिटूनच पुन्हा सांगितलं.

"जोरात सांगा. पंख्याचा आवाज येऊन राहिला."

कुणीतरी हसलं आणि त्याने लगेच हसू दाबलं. तरुण पाळकांनी उठून पंखा बंद केला. मी तिसऱ्यांदा सांगितलं, कुकर, पाईप, दोन दिवस, पंचांचा चहा, सगळं. मी थांबलो तेव्हा खिडकीतून आवाज आला, "झालं? आमेन." आणि उपासना पुढे गेली. पुढचं गीत साडूने इतक्या वरच्या पट्टीत धरलं की मला नुसतं तोंड हलवावं लागलं. रडणं वगैरे काही झालं नाही. मंडळीतले लोक मात्र बाहेर पडल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणत होते, आबा, हिंमत लागते. मी हात देत होतो. इथेच ती गोष्ट बिघडायला लागली आणि बिघडवणारा पहिला मी.

मला वाटलं, आता साडू आत येईल. पुढच्या रविवारी बघतो तर तो आपला ओट्यावर, खिडकीला पाठ लावून. लग्न तोंडावर आलेलं. तरुण पाळक त्याच्याशी बोलायला गेले आणि चेहरा पाडून परत आले. मग बायको माझ्याकडे बघायला लागली. उपासनेनंतर सगळे पांगल्यावर मी ओट्यावर गेलो.

"आता तर सांगितलं ना सगळ्यायपुढं," मी म्हणालो.

साडू चपलेचा पट्टा लावत होता. "कोणाला सांगितलं?"

"सगळ्यायला. तुमी ऐकलं की."

"तुमी देवाला सांगून राहिले होते. म्या मधी ऐकलं." तो पट्टा सोडून सरळ बसला. "देवाला तर त्याच दिवशी ठाव होतं. तो काय इथं बाहेर बसला व्हता का इतके वर्षं?"

आयुष्यभर ज्याच्याशी भांडायचं ते प्रार्थनेतून भांडलो आणि कबुली द्यायची वेळ आली तीही तिथेच दिली, डोळे मिटून. समोरच्याचं तोंड बघावं लागू नये याची आमच्याइतकी चांगली सोय कुणी केली नसेल.

मी त्याच्याजवळ बसलो. डोळे उघडे ठेवले. ते फार अवघड गेलं, खोटं कशाला सांगू. मी म्हणालो, "लिंबात पाणी म्या सोडलं. तुमच्या पाळीच्या आधी. पंचात बसलो तवा मला ठाव होतं."

"तवा काहून न्हाई सांगितलं?"

"पंच होतो. लोक काय म्हणतील."

"आणि मी पंच नव्हतो म्हणून मला लोक न्हाईत का?"

त्याने पट्टा पुन्हा लावला. मग म्हणाला, "माफी-बिफी नको मला. एक करा. येत्या रविवारी तुमी हितं बसा, माझ्यासंगं. जगाची प्रार्थना दुसऱ्याला द्या."

मी बसलो. लोक आत जाताना थांबून बघत होते. पाळकांनी जगाची प्रार्थना स्वतः केली. बाहेरून ती मला पहिल्यांदाच ऐकू आली. नीट काही कळत नव्हतं. पंख्याची खरखर, लेकरांचं कुजबुजणं आणि मधून मधून फक्त दोनच शब्द, शांती दे, शांती दे. देशांची नावं, ज्यांच्यासाठी मी नातवाला त्रास दिला, त्यांतलं एकही खिडकीबाहेर पोचत नव्हतं. ओट्यावरून दिसत मात्र बरंच होतं. रस्ता दिसत होता. सरपणाला तोडलेल्या लिंबाचा राहिलेला बुंधा दिसत होता, त्यावर लोकांनी छत्र्या ठेवल्या होत्या. मावशींच्या भिंतीपलीकडे एक लहानसा लिंब आपोआप उगवलाय, तो दिसत होता. मावशींनी त्याला शेळ्यांपासून जपायला जुन्या लुगड्याचं कुंपण केलंय. पालवी वगैरे जे काही आहे ते इतकंच, आणि ते त्यांच्या अंगणात आहे. हल्ली कुणाच्या अंगावर पुरळ आलं तर पाला आणायला आम्ही त्यांच्याकडे जातो.

मावशी पाणी भरून येत होत्या. आम्हाला दोघांना ओट्यावर बघून थांबल्या.

"आज दोघंबी बाहेर? भांडण वाढलं का मिटलं?"

"मिटून राहिलंय," साडू म्हणाला. "येळ लागतो जरा. माझ्या साडूला लई सवय हाये मोठमोठी भांडणं मिटवायची, लहानात हात बसंना."

मावशी हसत गेल्या. आत गीत सुरू व्हायचं होतं, सूर कुणी देत नव्हतं. साडूने मला ढोसलं. "म्हणा."

"मी?"

"रोज मीच देऊ का?"

मी सूर दिला. तो कसा होता ते लिहीत नाही. आतले लोक बिचारे त्याच्यामागे निघाले आणि थोड्या वेळाने जिकडे-तिकडे झाले. साडूने ओट्यावर हात मारत ते गीत शेवटपर्यंत ओढून नेलं. त्या दिवशी तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर हसला. आणि मला पहिल्यांदा वाटलं की त्या नगरात झाडाखाली हा बसलेला असला तर कदाचित एवढं वाईट नसेल. तो टोमणे मारेल. पण जागा देईल बसायला.

लग्नाच्या दिवशी अंगणात मांडव होता. नवरी दारात आली आणि तिथेच थांबली. आजा येतो का बघत होती. पाळक आत उभे, पेटी सुरू, सगळे माना वळवून बसलेले. साडू ओट्यावरून उठला. नवं धोतर, डोक्याला फेटा. तो उंबऱ्यापाशी आला. आमच्या चर्चची पायरी उंच आहे, पूर्वीच्या लोकांनी पुराचं पाणी येऊ नये म्हणून तशी केलेली. त्याने एक पाय वर ठेवला आणि दुसरा उचलेना. मी आत दाराजवळच होतो. त्याने माझ्याकडे बघितलं.

"हात द्या," तो म्हणाला. "गुडघा लई दुखून राहिला. दुसरं काही समजू नका."

मी एका हाताने त्याचा दंड धरला, दुसरा हात पाठीमागून घातला आणि ओढलं. त्याने माझ्या खांद्याला धरलं. दोघांचा तोल गेला, मग सावरला. फोटोवाल्याने नेमका तेव्हाच फोटो काढला. प्रचारकांनी सांगितलेली मिठी ती हीच. बघितलात तो फोटो तर तुम्हालाही तसंच वाटेल. पण माझा चेहरा नीट बघा, मला कंबरेत चमक भरलीय.

पोरगी रडली, ते मात्र खरं आहे. ते प्रचारकांनी सांगितलं नाही.

साडू येऊन पहिल्या ओळीत माझ्या शेजारी बसला. लग्न लागलं. मग पाळक म्हणाले, आजच्या दिवशी जगाच्या शांतीसाठी आबांनी प्रार्थना करावी. मी उभा राहिलो. डोळे मिटले. शेजारून साडू हळूच म्हणाला, "आटपा लवकर. भात गार होऊन राहिला."

मी थोडक्यात आटोपलं. लढाया थांबू देत, रडणाऱ्यांचं रडणं थांबू दे, तुझा तो दिवस येऊ दे. आमेन. देश एकही घेतला नाही. साडू म्हणाला, "आमेन," आणि पाय मोकळे करायला लागला.

पंगतीत वरण-भात कालवताना माझ्या लक्षात आलं की आमेनच्या आधी ते एक वाक्य म्हणायचं राहून गेलं होतं. पुन्हा उठून म्हणावं असं काही वाटलं नाही. साडू शेजारीच बसला होता. माझ्या पत्रावळीत बघून म्हणाला, "तूप घ्या की. का त्यालाबी इतके वर्षं लागतेल?"

मी तूप घेतलं.